घोट्याचा रक्तदाब का मोजतात? पायाच्या आकड्यातून कळणारा हृदयाचा धोका

रक्तदाब मोजायचा म्हटले की बाही वर केली जाते. दंडाला पट्टा बांधायचा, हवा भरायची आणि आकडा वाचायचा, ही पद्धत आता गावागावांत माहीत झाली आहे. पण रक्तदाब घोट्याजवळही मोजता येतो. दंडाच्या आणि घोट्याच्या आकड्यांची तुलना केली की पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत का, याचा अंदाज येतो. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही तोच आजार असण्याची शक्यता बरीच वाढते.

या तपासणीला सुई टोचावी लागत नाही, रक्त काढावे लागत नाही आणि किरणोत्साराचा संबंधच नाही. प्रशिक्षित व्यक्तीला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तरीही अनेक रुग्णांनी या तपासणीचे नाव पहिल्यांदा ऐकलेले असते ते पायाची जखम चिघळल्यावर. बुलढाण्यासारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात पाय जाणे म्हणजे घराचे उत्पन्न जाणे. म्हणून ही तपासणी काय आहे, कोणासाठी आहे आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे उपयोगाचे ठरते.

घोट्याचा रक्तदाब दंडापेक्षा वेगळा का असतो?

रक्तदाबाचे दोन आकडे असतात. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा आणि दोन ठोक्यांच्या मधला दाब म्हणजे खालचा आकडा. घोट्याच्या तपासणीत वरच्या आकड्याला महत्त्व असते.

निरोगी माणूस आडवा झोपलेला असताना घोट्याचा वरचा दाब दंडापेक्षा थोडा जास्त भरतो. साधारण १० ते १५ मिलिमीटर पाऱ्याचा फरक नेहमीचा मानला जातो. हृदयापासून दूर जाताना धमन्या अधिक ताठ होत जातात आणि दाबाची लाट पायाकडून परतून मूळ लाटेत मिसळते. त्यामुळे लाटेचे टोक उंचावते.

पायाकडे जाणारी धमनी वाटेत कुठे अरुंद झाली असेल तर चित्र उलटते. चरबी, कॅल्शियम आणि इतर घटकांचा थर आतल्या बाजूला साचलेला असतो. अशा अडथळ्याच्या पुढे दाब पडतो. कॅनॉलच्या तोंडाशी भरपूर पाणी असले तरी मध्ये गाळ साचला तर शेवटच्या शेताला धार बारीक मिळते, तसेच हे आहे. मग घोट्याचा आकडा दंडापेक्षा कमी येतो. या आजाराला वैद्यकीय भाषेत पेरिफेरल आर्टरी डिसीज, थोडक्यात पीएडी म्हणतात.

मोजण्याची पद्धत

घोट्याचा दाब बसून किंवा उभे राहून मोजत नाहीत. हृदयाच्या पातळीपासून दर एक सेंटिमीटर खाली गेल्यावर रक्ताच्या वजनामुळे दाब सुमारे पाऊण मिलिमीटर पाऱ्याने वाढतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा घोटा हृदयापासून ८०-९० सेंटिमीटर खाली असेल तर एवढ्यानेच आकडा साठ-सत्तरने फुगतो. म्हणून रुग्णाला सपाट झोपवून पाच ते दहा मिनिटे शांत पडू देतात. तपासणीआधी दोन तास बिडी-सिगारेट ओढू नये, असे सांगितले जाते.

नेहमीचा स्टेथोस्कोप पायाच्या धमनीवर फारसा कामाचा नसतो. त्यासाठी हातात मावणारे डॉपलर यंत्र वापरतात. त्याची पेनासारखी टोकदार कांडी जेल लावून धमनीवर टेकवली की रक्तप्रवाहाचा 'हुश्श-हुश्श' आवाज ऐकू येतो. पट्टा घोट्याच्या हाडांच्या जरा वर बांधतात. हवा भरल्यावर आवाज बंद होतो. हवा हळूहळू सोडताना ज्या आकड्याला तो पुन्हा ऐकू येतो, तो त्या धमनीचा वरचा दाब.

प्रत्येक पायात दोन ठिकाणी मोजमाप होते. एक धमनी घोट्याच्या आतल्या बाजूला हाडामागे असते आणि दुसरी पावलाच्या वरच्या बाजूला. दोन्ही दंडांचा दाबही याच यंत्राने घेतात. उघडी जखम, शिरेत झालेली गुठळी किंवा पायाची बायपास शस्त्रक्रिया झालेली असेल तर तिथे पट्टा आवळायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतात.

एबीआय: एक साधा भागाकार

घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, या गुणोत्तराला अँकल-ब्रेकियल इंडेक्स म्हणजेच एबीआय म्हणतात. प्रत्येक पायाच्या दोन धमन्यांपैकी जास्त असलेला आकडा घेतात आणि त्याला दोन्ही दंडांपैकी जास्त असलेल्या आकड्याने भागतात.

एक उदाहरण घेऊ. उजव्या दंडाचा दाब १४० आणि डाव्याचा १३६ आहे. उजव्या घोट्याचे आकडे १५० आणि १४६, तर डाव्या घोट्याचे १०४ आणि ९८ आले. भागायचे १४० ने. उजव्या पायाचा एबीआय १५० भागिले १४०, म्हणजे १.०७. डाव्या पायाचा १०४ भागिले १४०, म्हणजे ०.७४. उजवा पाय ठीक आहे, डाव्या पायाच्या वाटेत अडथळा आहे.

आकड्यांचा प्रचलित अर्थ असा:

- १.०० ते १.४०: सामान्य
- ०.९१ ते ०.९९: सीमारेषेवर
- ०.९० किंवा कमी: पीएडी असल्याचे लक्षण
- ०.४० पेक्षा कमी: रक्तपुरवठा गंभीररीत्या घटलेला
- १.४० पेक्षा जास्त: धमनी कडक झाल्याने पट्ट्याने नीट दाबली जात नाही, हा आकडा विश्वासार्ह नाही

गुणोत्तराबरोबर मूळ आकडाही पाहतात. घोट्याचा दाब ५० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली असेल आणि पायाला जखम किंवा झोपेतही वेदना असेल, तर पाय वाचवण्यासाठी तातडीने हालचाल करावी लागते.

याच तपासणीत आणखी एक गोष्ट सापडते. दोन्ही दंडांच्या वरच्या आकड्यांत १५ किंवा अधिक फरक कायम दिसत असेल तर हाताकडे जाणारी एखादी धमनी अरुंद असू शकते. म्हणून पहिल्या तपासणीत दोन्ही हातांचा रक्तदाब घ्यावा, असे सांगितले जाते.

पायाचा आकडा हृदयाबद्दल कसे सांगतो?

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत ट्रॅव्हिस विन्सर यांनी १९५० मध्ये हात आणि पायांच्या रक्तदाबाची तुलना मांडली. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये याओ, हॉब्ज आणि अर्विन यांनी घोट्याचा दाब आणि धमन्यांच्या आजाराची तीव्रता यांचा संबंध दाखवला. सुरुवातीला ही तपासणी फक्त पायासाठी होती. पुढे लक्षात आले की एबीआय कमी असलेल्या रुग्णांचा मृत्यू बहुतेक वेळा पायाच्या आजाराने होत नाही. तो हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने होतो.

याचे कारण सरळ आहे. धमन्यांत थर साचण्याची प्रक्रिया एका जागेपुरती नसते. तंबाखू, वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचा मारा सगळ्याच धमन्यांच्या आतल्या अस्तरावर होतो. हृदयाच्या धमन्या खोल आहेत, त्यांचा दाब पट्ट्याने मोजता येत नाही. घोट्याची धमनी मात्र हाताशी आहे.

२००८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात ४८ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची माहिती होती. एबीआय ०.९० किंवा कमी असलेल्या पुरुषांपैकी १८.७ टक्के जणांचा दहा वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू झाला. १.११ ते १.४० एबीआय असलेल्या पुरुषांत हे प्रमाण ४.४ टक्के होते. स्त्रियांमध्ये हेच आकडे १२.६ आणि ४.१ टक्के होते. वय, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांवरून काढलेला नेहमीचा धोका सारखाच असलेल्या लोकांतही, एबीआय कमी असलेल्यांचा धोका सुमारे दुप्पट दिसला.

कमी एबीआय म्हणजे हृदयविकाराचा झटका येणारच, असा याचा अर्थ नाही. या माणसाला जोखमीच्या गटात धरून उपचार लवकर सुरू करायला हवेत, एवढा त्याचा अर्थ आहे.

जोखमीचे घटक कोणते?

*तंबाखू.* पीएडीच्या कारणांत धूम्रपान सर्वांत वर आहे. भारतात बिडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत बर्गर रोग नावाचा वेगळा आजारही दिसतो. यात हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात आणि बोटे काळी पडू लागतात. या आजाराचे मुख्य औषध एकच, तंबाखू पूर्ण बंद करणे. चघळण्याच्या तंबाखूलाही सुरक्षित समजू नये. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात फक्त तंबाखू चघळणाऱ्यांतही हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता दुपटीहून अधिक आढळली होती.

*मधुमेह.* साखर वाढलेली राहिली की गुडघ्याखालच्या बारीक धमन्या लवकर खराब होतात. चेन्नईत झालेल्या एका लोकसंख्याधारित अभ्यासात एबीआय मोजून पाहिले तेव्हा मधुमेह असलेल्यांपैकी ६.३ टक्के जणांना पायाच्या धमन्यांचा आजार आढळला. साखर सामान्य असलेल्यांत तो २.७ टक्के होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे.

*उच्च रक्तदाब.* सतत वाढलेल्या दाबाने धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. गंमत अशी की दंडाचा रक्तदाब ठीक असतानाही घोट्याचा दाब अवाजवी जास्त असेल तर ती धमन्या ताठ होत असल्याची खूण असू शकते. या बाजूवर फिनलंडमध्ये अभ्यास झाले आहेत. पण रोजच्या उपचारांचे निर्णय आजही दंडाच्या रक्तदाबावरच घेतले जातात.

*कोलेस्टेरॉल, वय आणि मूत्रपिंड.* वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल, वाढते वय आणि मूत्रपिंडाचा जुना आजार हेही धोक्याचे घटक आहेत. वजन कमी असणे ही सुरक्षिततेची खात्री नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले आहे की बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते आणि मधुमेह होऊ शकतो. त्यामुळे 'शेतात राबणाऱ्याला शुगर कशी होईल' हा समज टिकत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात याचे महत्त्व

२०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांच्या घरात होती. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात बहुतेक लोक गावांत राहतात आणि कापूस, सोयाबीन, तूर या पिकांवर जगतात. पायाच्या रक्तपुरवठ्याच्या दृष्टीने इथे तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट तंबाखूची. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरतात. धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के आहेत. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण विदर्भात खर्रा, तंबाखू-चुना आणि मिश्री यांना अजूनही व्यसन म्हणून फारसे गणले जात नाही. डॉक्टरांनी 'सिगारेट ओढता का' असे विचारल्यावर 'नाही' हे उत्तर खरे असते, पण पुरे नसते.

दुसरी गोष्ट पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. बुलढाण्यात संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतील विहिरी-बोअरचे पाणी खारट आहे. या पट्ट्यातून मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारी अनेक वर्षे येत आहेत. पाण्यातून जाणारे जादा मीठ रक्तदाब वाढवू शकते. बांगलादेशच्या किनारी भागात खारे पाणी पिणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये रक्तदाबाचे विकार जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. उच्च रक्तदाब मूत्रपिंड बिघडवतो, बिघडलेले मूत्रपिंड रक्तदाब आणखी वाढवते आणि दोन्हींचा भार धमन्यांवर पडतो. म्हणून या पट्ट्यात रक्तदाब, लघवीतील प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन आणि गरज पडल्यास पायांचा रक्तपुरवठा, हे सगळे एकत्र पाहायला हवे.

तिसरी गोष्ट कामाची. पऱ्हाटीचे किंवा तुरीचे धसकट पायात घुसणे, काटा रुतणे, विळा लागणे, चिखलात बोटांच्या बेचक्या कुजणे, हे शेतात नेहमीचेच. रक्तपुरवठा चांगला असेल तर अशी जखम आठ-पंधरा दिवसांत भरते. तो कमी असेल आणि मधुमेहाने पायाची संवेदनाही गेलेली असेल तर जखम कळत नाही, कळली तरी भरत नाही. एका धसकटापासून सुरू झालेली गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाऊ शकते.

पोटरीत गोळा येतो, तो वाताचा की रक्ताचा?

पीएडीचे ठळक लक्षण म्हणजे चालताना पोटरीत, मांडीत किंवा कुल्ल्यात येणारा गोळा किंवा जडपणा. ठरावीक अंतर चालल्यावर दुखायला लागते, थांबल्यावर काही मिनिटांत बरे वाटते आणि पुन्हा चालल्यावर साधारण तेवढ्याच अंतरावर दुखते. चढ असेल तर लवकर दुखते.

ग्रामीण भागात हे दुखणे 'वात', 'नस दबली', 'अशक्तपणा' किंवा 'वय झाले' या नावांखाली दडून जाते. काही खुणा मात्र फरक दाखवतात. कमरेच्या नसेचे दुखणे बहुधा नुसते उभे राहिल्यानेही वाढते आणि बसल्याने किंवा पुढे वाकल्याने कमी होते. रक्तपुरवठ्याचे दुखणे नुसते उभे राहिल्यानेही थांबते. सांध्याचे दुखणे पहिल्या पावलापासून जाणवते. रात्री झोपेत अचानक येणारा पेटका बहुतेक वेळा पीएडीचा नसतो.

शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी आषाढीला पायी पंढरपूरला जाते आणि वारकरी सुमारे महिनाभर चालतात. दरवर्षी चालणारा माणूस एखाद्या वर्षी 'पोटरी भरते, सारखे थांबावे लागते' म्हणू लागला तर ते वयाच्या नावावर खपवू नये. धोका असा की अनेकजण दुखू नये म्हणून नकळत चालणेच कमी करतात. मग लक्षण दिसत नाही, आजार मात्र वाढत राहतो. पीएडी असलेल्या मोठ्या हिश्श्याला अशी ठळक तक्रार नसतेच.

इतर खुणाही आहेत. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा थंड लागणे, पायावरचे केस विरळ होणे, कातडी चकचकीत व पातळ होणे, नखे हळू वाढणे, जखम दोन आठवड्यांत न भरणे. पाय खाटेखाली लोंबता सोडल्यावर रात्रीचे दुखणे कमी होत असेल तर आजार पुढे गेला आहे, असे समजून लगेच दाखवावे.

सामान्य आकडा नेहमी सामान्य नसतो

या तपासणीची सर्वांत मोठी मर्यादा मधुमेहाच्या आणि मूत्रपिंडाच्या जुन्या रुग्णांत दिसते. त्यांच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या नळीसारख्या कडक होतात. पट्ट्याने कितीही दाबले तरी त्या मिटत नाहीत आणि घोट्याचा आकडा खोटाच जास्त येतो. आतून अडथळा असूनही एबीआय १.१ किंवा १.५ दिसू शकतो.

अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात, कारण अंगठ्याच्या बारीक धमन्या सहसा एवढ्या कडक होत नाहीत. अंगठ्याचा दाब भागिले दंडाचा दाब ०.७० किंवा त्याहून कमी आला तर तो असामान्य मानतात. १.४० पेक्षा जास्त एबीआय असणाऱ्यांतही हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो, म्हणून त्या आकड्याने निश्चिंत होऊ नये.

दुसरी मर्यादा विश्रांतीची. काहींचा आकडा झोपलेल्या स्थितीत ठीक येतो, पण चालल्यावर पडतो. लक्षणे असूनही एबीआय सामान्य आला तर ट्रेडमिलवर चालवून किंवा टाचा उचलण्याचा व्यायाम करवून पुन्हा मोजतात. अडथळा नेमका कुठे आणि किती, हे पाहायला कलर डॉपलर सोनोग्राफी किंवा अँजिओग्राफी लागते.

तपासणी कोणी करून घ्यावी?

हृदयरोग संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुढील लोकांत एबीआय मोजण्याचा विचार केला जातो:

- चालताना पाय दुखणे, पायाची नाडी न लागणे किंवा न भरणारी जखम असलेले सर्व
- ६५ वर्षे किंवा अधिक वयाचे
- ५० ते ६४ वयाचे, ज्यांना मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचा आजार आहे, तंबाखू ओढण्याची सवय आहे किंवा होती, किंवा घरात कोणाला पीएडी आहे
- ५० पेक्षा कमी वयाचे, पण मधुमेहासह जोखमीचा आणखी एखादा घटक असलेले
- हृदयाच्या किंवा मानेच्या धमन्यांचा आजार आधीच असलेले

काहीच त्रास नसलेल्या सगळ्यांची सरसकट तपासणी करावी का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१८ मध्ये त्यासाठी पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. दुसरीकडे डेन्मार्कमध्ये ६५ ते ७४ वर्षांच्या ५० हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या चाचणीत पोटातील महाधमनी, पायांच्या धमन्या आणि रक्तदाब अशी तिहेरी तपासणी देऊ केलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी कमी दिसले. त्यात एबीआयचा वाटा नेमका किती, हे वेगळे काढता येत नाही. त्यामुळे तपासणी शिबिरातील एका आकड्यावर घाबरणे किंवा निर्धास्त होणे, दोन्ही टाळावे.

जिल्ह्यात कुठे जावे?

पहिली पायरी जवळच्या आरोग्य केंद्रात पूर्ण होऊ शकते. आयुष्मान आरोग्य मंदिर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३० वर्षांवरील लोकांची रक्तदाब व मधुमेह तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमाखाली होते. तिथे डॉपलर नसले तरी दोन्ही पावलांच्या नाड्या हाताने तपासणे, जखमा पाहणे आणि दोन्ही हातांचा रक्तदाब घेणे शक्य असते. आतल्या घोट्यामागची नाडी लागत नसेल तर पुढची तपासणी हवी. पावलावरची नाडी काही निरोगी लोकांतही जन्मतःच लागत नाही, म्हणून एकाच नाडीवरून निष्कर्ष काढू नये.

पुढच्या तपासणीसाठी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र मोठ्या शहरांतील केंद्रांकडे जावे लागू शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, याची चौकशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करता येते.

एबीआय कमी आला तर पुढे काय?

उपचारांचे दोन हेतू असतात, पाय वाचवणे आणि हृदय-मेंदू वाचवणे.

तंबाखू सर्व स्वरूपांत बंद करणे, ही सर्वांत परिणामकारक आणि बिनखर्चाची पायरी आहे. त्यानंतर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल नियंत्रणात आणले जातात. डॉक्टर बहुतेक रुग्णांना स्टॅटिन गटातील गोळी देतात. रक्तातील गुठळी रोखणारी गोळी कोणाला द्यायची हे तपासून ठरते. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची 'रक्त पातळ करायची गोळी' घेऊ नये; पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

चालणे हेही औषध आहे. ठीकठाक दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, दुखणे गेले की पुन्हा चालायचे. असे ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान तीन दिवस, निदान बारा आठवडे केले तर न दुखता चालण्याचे अंतर वाढते. दिवसभर शेतात कामाची ये-जा होते, पण ती या पद्धतशीर चालण्याची जागा घेत नाही. पायाला जखम असेल किंवा छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. एवढ्याने भागले नाही किंवा पाय धोक्यात असेल तर फुग्याने धमनी उघडणे, स्टेंट किंवा बायपास हे पर्याय असतात.

मोबाइलवर फिरणारे गैरसमज

*'घरचे बीपी मशीन घोट्याला लावा आणि ब्लॉकेज ओळखा.'* घरगुती यंत्रे दंडासाठी बनवलेली असतात. पायाचा दाब खूप कमी असेल तर ती चुकीचा आकडा दाखवू शकतात किंवा दाखवतच नाहीत. त्यावरून निदान करू नये.

*'व्हेरिकोज व्हेन्स म्हणजेच ब्लॉकेज.'* फुगलेल्या निळ्या शिरा हा रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांचा आजार आहे. पीएडी हा रक्त आणणाऱ्या धमन्यांचा. फरक महत्त्वाचा आहे, कारण शिरांसाठी वापरतात ते घट्ट मोजे किंवा बँडेज धमनी बंद असलेल्या पायावर आवळले तर उरलासुरला पुरवठाही तुटतो. म्हणूनच असे बँडेज बांधण्याआधी एबीआय पाहतात.

*'थंड पाय शेका.'* संवेदना कमी झालेल्या पायाला गरम पाण्याची पिशवी, वीट किंवा शेकोटी लावल्याने भाजते आणि ती जखम भरत नाही. सुती मोजे घालून पाय उबदार ठेवावेत.

*'लसूण, लिंबू आणि आले यांच्या काढ्याने ब्लॉकेज विरघळते.'* धमनीतला कॅल्शियम मिसळलेला थर काढ्याने विरघळल्याचा भरवशाचा पुरावा नाही. काढ्याच्या नादात सुरू असलेल्या गोळ्या बंद करणे मात्र नक्कीच धोक्याचे आहे.

केव्हा थांबू नये?

पाय अचानक खूप दुखू लागला, पांढरा किंवा निळसर आणि थंडगार पडला, बधिर झाला, बोटे हलेनाशी झाली तर धमनी एकाएकी बंद झाली असण्याची शक्यता असते. अशा वेळी तेल चोळण्यात किंवा सकाळची वाट पाहण्यात वेळ घालवू नये. पहिले काही तास निर्णायक असतात. सहा तासांनंतर स्नायू कायमचे निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाकडे निघावे.

बाकीच्यांसाठी नियम सोपे आहेत. मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय, टाचा आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या कोणाला पाहायला सांगावे. शेतात अनवाणी जाऊ नये. डॉक्टरांकडे गेल्यावर चप्पल-मोजे काढून पाय दाखवावेत आणि तंबाखू, खर्रा, मिश्री यांबद्दल खरे सांगावे. साठीच्या पुढचा कोणी चालताना पोटरी धरून थांबत असेल तर त्याच्या दोन्ही घोट्यांचा रक्तदाब मोजून घ्यावा. त्या भागाकारातून पायाची स्थिती कळते आणि हृदयाची काळजी किती लवकर घ्यायला हवी, हेही ठरवता येते.